नव्या पुंगळीवरचा ओरखडा

गेल्या महिन्यात .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या शंभर कोऱ्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) मी साइझिंग डायमधून, म्हणजे पुंगळी दाबून ठरावीक मापाची करणाऱ्या पोलादी साच्यातून, काढायला घेतल्या आणि अठरावी पुंगळी प्रेसमधून बाहेर आली तेव्हा बोटाला तिच्यावर एक रेघ जाणवली. तोंडाकडून बुडाकडे सरळ गेलेली ती रेघ केसासारखी बारीक होती. एकोणिसाव्या पुंगळीवर तीच रेघ होती आणि विसावीवर ती थोडी खोल गेली होती. कोलोरॅडोत राहायला आल्यापासून मी लक्ष्यवेधी नेमबाजीसाठी स्वतःची काडतुसे स्वतः भरतो. वापरलेल्या पितळेवर असे काही दिसले असते, तर मी मैदानावरच्या वाळूला दोष देऊन मोकळा झालो असतो. परंतु या पुंगळ्या थेट पिशवीतून आलेल्या होत्या.

दोष पुंगळीचा की डायचा, हे आधी ठरवणे आवश्यक होते. मी एका पुंगळीवर शाईने खूण केली, ती खूण माझ्याकडे करून पुंगळी डायमध्ये घातली आणि ओरखडा डाव्या बाजूला आल्याचे पाहिले. पुढच्या पुंगळीची खूण मुद्दाम मागे वळवली, तरीही ओरखडा माझ्या डावीकडेच आला. तो दर वेळी वेगवेगळ्या जागी उमटला असता, तर घाण पुंगळ्यांवर असल्याचे सिद्ध झाले असते. येथे दोष डायचा होता. डाय उघडून आत विजेरी धरली, तेव्हा पोलादी भिंतीवर एक पिवळी, चकाकणारी रेषा स्पष्ट दिसली.

ती रेषा पितळेचीच होती. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते आणि पोलादापुढे हा धातू मऊ असतो. वंगणाचा थर एखाद्या ठिकाणी तुटला किंवा मध्ये धुळीचा एखादा कठीण कण अडकला, की पितळेचा सूक्ष्म अंश खरवडून डायच्या भिंतीला चिकटतो, दाबाखाली कडक होतो आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर छिन्नीसारखा फिरतो. म्हणूनच हा ओरखडा आपोआप कधीच बरा होत नाही आणि पुंगळीगणिक खोल होत जातो. माझी आजी घागर घासण्यासाठी राख वस्त्रगाळ करून घेत असे, कारण राखेत वाळूचा एक कण राहिला तरी पितळेवर चरा उमटतो. तिची ही सावधगिरी डाय बसवताना मला आठवायला हवी होती. डाय नवा होता, गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेले तेल मी फक्त बाहेरून पुसले होते आणि आमच्या कच्च्या रस्त्याची धूळ आतल्या तेलाला चिकटली होती.

दुरुस्तीसाठी मी डायचे सर्व भाग सुटे केले आणि ब्रेक क्लीनरने तो आतून धुतला. मग लाकडी दांडीला कापड गुंडाळून, त्यावर अगदी थोडे धातू-पॉलिश घेऊन, ड्रिलच्या मंद गतीवर पिवळी रेषा जाईपर्यंतच फिरवले. येथे उत्साह आवरावा लागतो, कारण घासायचे आहे ते चिकटलेले पितळ. डायचे माप बदलता कामा नये. शेवटी पॉलिशचा मागमूस राहणार नाही इतके स्वच्छ पुसून घेतले.

वंगणाच्या बाबतीत कोऱ्या पुंगळीला जुनीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते. एकदा झाडलेल्या पुंगळीच्या मानेच्या (तोंडाकडच्या अरुंद भागाच्या) आत काजळीचा पातळ थर असतो आणि तो एक्स्पांडरच्या, म्हणजे मानेचे आतले माप ठीक करणाऱ्या दांडीच्या, गोळ्याला सरकायला मदत करतो. कोरी मान मात्र गोळ्याला घट्ट धरते, करकरते आणि आतून ओरबाडली जाते. म्हणून तोंडाची कोर आतबाहेर हलकेच घासून बोथट करावी आणि मानेच्या आत कोरड्या ग्रॅफाइटचा स्पर्श द्यावा. अंगाला बोटाच्या टोकावर मावेल एवढे साइझिंगचे मेण चोळावे. बुडाजवळच्या भागाला ते नीट लागायला हवे, कारण डाय सर्वाधिक दाब तेथे देतो. खांद्यावर (अंग आणि मान यांमधल्या उतारावर) मात्र ते जवळजवळ नसावे, कारण अडकलेल्या जादा वंगणाला जागा मिळाली नाही की पितळेला खळगा पडतो. फवाऱ्याचे वंगण वापरत असाल, तर त्यातला द्रावक उडून जाईपर्यंत काही मिनिटे थांबावे. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइडच्या, म्हणजे अतिशय कठीण पदार्थाच्या, डायमध्ये वंगणाशिवाय चालते. रायफलच्या निमुळत्या मानेच्या पुंगळ्यांना ही सवलत नाही. काम झाल्यावर सर्व वंगण पुसून काढणे अनिवार्य आहे, कारण तेलकट पुंगळी चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, जादा जोर येतो.

पुसण्यासाठी अमोनिया असलेले पॉलिश कधीही वापरू नये. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसे तडकत असत आणि घोड्यांच्या मुत्रातला अमोनिया व घडणीवेळी धातूत राहिलेला ताण यांमुळे हे घडते, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. ओरखडा डोळ्यांना दिसतो. हा तडा मात्र धातूच्या आत वाढत जातो.

माझे स्पष्ट मत असे की, कोरी पुंगळी पूर्ण साइझ करण्याची गरज बहुधा नसतेच. ती चेंबरपेक्षा लहानच बनवलेली असते आणि प्रवासात चेपलेले तोंड गोल करण्यापुरता एक्स्पांडर फिरवला की पुरते. अंगाला डायचा स्पर्शच झाला नाही, तर ओरखड्याचा प्रश्न उरत नाही. उरलेल्या पुंगळ्या मी याच रीतीने तयार केल्या. ज्यांवर रेघ उमटली होती, त्यांतल्या ज्यांवर नख अडकत नव्हते त्या ठेवल्या. विसावीवर आणि तपासणीतल्या दोन्ही पुंगळ्यांवर नख अडकले, म्हणून त्यांची तोंडे पक्कडीने चेपून त्या मोडीच्या डब्यात टाकल्या.