४८८ बाइट्स आणि पहाटे साडेपाच

मागच्या वर्षी एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर आमचा एक कंट्रोलर बसवला होता, आत एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर, त्यावर फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मेमरी वाटायला-परत घ्यायला तिची हीप-४ ही पद्धत. काम साधं. आरएस-४८५ या सिरियल लाइनवरून फ्लोमीटर वाचायचा आणि ऑफिसातला पीसी दर पाच मिनिटांनी इथरनेटवरून कनेक्ट झाला की त्याला आकडे द्यायचे. महिनाभर कुणाची तक्रार नाही, मग एक दिवस ऑपरेटर काकांचा फोन, "साहेब, तुमचा डबा रात्री झोपतो, आणि सकाळी आपोआप उठतो."

मला वाटलं नेटवर्कचा स्विच वगैरे असेल. नव्हता. लॉग मागवला तर रोज रात्री अकरा वाजून पाच-दहा मिनिटांनी नवीन कनेक्शन घेणं बंद, कारण प्रत्येक कनेक्शनसाठी जो नवा टास्क (स्वतंत्र चालणारा प्रोग्रामचा तुकडा) बनतो त्याला मेमरी नाही, आणि पहाटे साडेपाचला सगळं सुरळीत, मधे रिसेट नाही काही नाही. टीममधल्या सगळ्यांनी एका सुरात "लीक आहे" म्हटलं, म्हणजे घेतलेली मेमरी परत दिली जात नाही, मीही म्हटलं, आणि दोन दिवस कोडमधले माझे सगळे मॅलॉक-फ्री (मेमरी घेणं आणि परत देणं) मोजत बसलो. जितके घेतले तितके परत. आता मला सांगा, लीक झालेली मेमरी पहाटे उठून घरी परत येते का कधी?

मग फ्री हीपचा, म्हणजे शिल्लक मेमरीचा, आकडा दर कनेक्शनला लॉगमध्ये टाकला. २८,६७२, मग २६,५०४, मग २४,३३६... दर वेळी बरोब्बर २,१६८ कमी. २,०४८ म्हणजे ५१२ वर्ड्स, हा तर माझ्या कनेक्शन टास्कचा स्टॅक, म्हणजे चालताना वापरायची त्याची स्वतःची जागा! वरचे १२० म्हणजे टीसीबी (फ्रीआरटॉसने ठेवलेली टास्कची नोंद) आणि हीपचे दोन हेडर. तेरा कनेक्शन झाली की उरतात ४८८ बाइट्स, चौदाव्याला जागा नाही. आणि पहाटेची ओळ बघून तर मी खुर्चीत सरळच बसलो, ४८८ वरून थेट २८,६७२, एका झटक्यात.

तर यामागची गंमत अशी. माझा प्रत्येक कनेक्शन टास्क काम संपलं की व्हीटास्कडिलीटला नल देऊन स्वतःलाच डिलीट करायचा. पण जो टास्क चालू आहे तो आपलाच स्टॅक कसा फ्री करणार, ज्या फांदीवर बसलाय तीच तोडायची म्हटल्यावर, फ्री करणारं फंक्शनसुद्धा त्याच स्टॅकवर चाललंय ना. म्हणून कर्नल (फ्रीआरटॉसचा गाभा) त्याला फक्त "संपलेले" यादीत टाकतो आणि दुसऱ्या टास्ककडे जातो, खरी साफसफाई आयडल टास्क (बाकी कुणाला काम नसताना चालणारा) करतो, त्याला वेळ मिळेल तेव्हा. (दुसऱ्या टास्कने डिलीट केलं तर मात्र ९.० व्हर्जनपासून तिथल्या तिथे फ्री होतं.) कचरा दाराबाहेर ठेवलाय हो, पण घंटागाडी यायला पाहिजे. आणि आयडलची प्रायॉरिटी शून्य, म्हणजे सगळ्यात शेवटचा नंबर.

मग रात्री घंटागाडी अडवली कोणी? मीच. फ्लोमीटर वाचणारा टास्क प्रायॉरिटी १ वर, रिप्लाय येईपर्यंत व्हाइल लूपमध्ये फ्लॅग बघत बसायचा, रिप्लाय आला की १०० मिलिसेकंद डीले, त्या डीलेमध्ये आयडलला भरपूर वेळ. पण टाइमआउट झाला की? तिथे मी लिहिलं होतं कंटिन्यू. डीले लूपच्या तळाशी, आणि कंटिन्यू त्याच्या वरून उडी मारून परत सुरुवातीला. टाकी भरली की काका रात्री दहाला पॅनेलचा मेन बंद करून घरी जायचे, त्यावरच फ्लोमीटरची सप्लाय, आमचा कंट्रोलर मात्र यूपीएसवर. म्हणजे दहापासून माझा टास्क मेलेल्या मीटरला अखंड हाका मारतोय आणि आयडलला सीपीयू शून्य. वरच्या प्रायॉरिटीचे टास्क मजेत चालू, वॉचडॉगलाही (सिस्टिम अडकली तर रिसेट करणारा टायमर) तिथूनच वेळच्या वेळी हजेरी मिळतेय, त्यामुळे बाहेरून सगळं जिवंत दिसतं. साडेपाचला मेन ऑन, मीटरचा रिप्लाय, डीले, आणि आयडल येऊन तेराच्या तेरा स्टॅक एकदम उचलतो. ऑफिसात टेबलावर हे कधीच दिसलं नाही, कारण तिथे मीटर म्हणजे लॅपटॉपवरचा सिम्युलेटर, तो कशाला बंद होतोय.

बरं, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की टास्क डिलीट करत असाल तर आयडलला उपाशी ठेवू नका. मी ते वाचलंही होतं, इंटरव्ह्यूत लोकांना विचारलंही होतं. काय बोलणार.

मला फ्रीआरटॉसची ही पद्धत तरी बरी वाटते. हीप-४ मध्ये फ्री करताना पत्त्याच्या क्रमाने लावलेली यादी चालत जाऊन शेजारचे मोकळे ब्लॉक जोडावे लागतात, किती वेळ लागेल ते तुकडे किती पडलेत त्यावर, तर ते काम खालच्या प्रायॉरिटीला ढकललेलंच चांगलं. नटएक्स या अशाच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वेगळाच प्रकार, तिथे हीपला म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आहे आणि इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने मधेच बोलावलेल्या कोडमध्ये) म्युटेक्सची वाट बघता येत नाही, म्हणून इंटरप्टमधून फ्री केलेला ब्लॉक एका डीले-लिस्टमध्ये जातो, आणि त्या यादीचा पॉइंटर ठेवायला वेगळी मेमरी नाही लागत, टाकून द्यायच्या ब्लॉकच्याच पोटात लिहितात. हे मला भारी आवडलं. पण ती यादी रिकामी होते पुढच्या मॅलॉकला, म्हणजे जो पुढचा गिऱ्हाईक येईल त्याच्या वेळेतून, आणि तो नेमका सगळ्यात घाईचा टास्क असला तर बसा बोंबलत.

माझ्याकडे दोन बदल केले. यूएआरटीच्या (सिरियल पोर्टच्या) इंटरप्टमधून टास्कला नोटिफिकेशन, म्हणजे रिप्लाय नसेल तर टास्क ब्लॉक होऊन झोपतो, फ्लॅग बघत बसत नाही. आणि कनेक्शनला टास्क जन्माला घालून मारायचं बंद, चार टास्क बूटलाच बनवायचे आणि ते कायम तिथेच, काम नसेल तर क्यूवर थांबून. खरं तर दुसरा बदल पहिल्या दिवशीच करायला हवा होता, एका वेळी चारपेक्षा जास्त कनेक्शन तिथे कधीच येणार नव्हती.

नवीन फर्मवेअर टाकल्यावर एक रात्र तिथेच थांबलो. काकांनी दहाला मेन पाडला, मला चहा पाजला आणि घरी गेले. बारा वाजता हीप २०,०००. तीनला २०,०००. साडेपाचला काका आले, पॅनेल चालू केलं आणि विचारलं, "झोपला का हो?" म्हटलं नाही, मीच झोपलो होतो दोन ते तीन.