तिसरी घंटा आणि दोन कॅमेरे

गेल्या वर्षी जत्रेच्या नाटकाचा व्हिडिओ हातात आला तो चार मिनिटांचा. नाटक चार तासांचं. त्यात आमचा सेनापती तीनदा मान वळवतो, तीही संथ गतीत. पेटीमास्तरांची बोटं दिसतात, पण पेटी ऐकू येत नाही, कारण वरून कुठल्याशा हिंदी सिनेमाचं गाणं घातलेलं. वाड्यावरच्या पोरांनी तो यूट्यूबवर टाकला, तर संध्याकाळपर्यंत त्या गाण्यापायी यूट्यूबने आवाजच बंद करून टाकला. म्हणजे पंधरा हजार देऊन आम्ही मूकपट विकत घेतला.

पूर्ण नाटक कुठे आहे असं व्हिडिओवाल्याला विचारलं, तर म्हणाला, कॅमेरा अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो, मग चालू करायचं राहून गेलं. मला ही थाप वाटली. नंतर कळलं की जुने डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे फोटोचे मोठे कॅमेरे, खरोखरच २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबायचे. सलग अर्धा तास चित्रण करू शकणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर जकात लागायची, म्हणून कंपन्यांनीच ती मर्यादा घातली होती. तर युरोपातल्या जकातीपायी गोव्यात पेडण्यातल्या सेनापतीचं मरण अर्धवट राहिलं.

त्या माणसाला मी पूर्ण दोष देत नाही. तो लग्नं करतो, आणि लग्नवाले हेच मागतात. आम्ही त्याला काय सांगितलं होतं? ‘जत्रेला नाटक आसा, यो.’ संपलं.

यंदा कॅमेरेवाला शोधायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण मी पणजीला ऑफिसात जातो आणि ‘याला मेलबील जमतं’. चतुर्थी उरकली तशी शोधाला लागलो. डिसेंबरातल्या तारखेसाठी सप्टेंबर म्हणजे फार लवकर झालं असं समितीचं मत होतं. पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी तारीख नाही म्हणून सांगितलं. नोव्हेंबर लागला की गोव्यातले बरे कॅमेरेवाले किनाऱ्यावरच्या हॉटेलांतल्या लग्नांना जातात. दिल्ली-मुंबईच्या पार्ट्या तीन-तीन दिवसांचं बुकिंग करतात, त्यापुढे आमची एका रात्रीची जत्रा कोण बघतो!

पणजीच्या एका टीमने मात्र बोलावलं. एसी ऑफिस, भिंतीएवढा टीव्ही, कामही देखणं. मुलीने मला ‘मूड बोर्ड’ मागितला. मी म्हटलं, मूड म्हणजे, दुसऱ्या अंकात राजा मरतो. कोटेशन आलं ८५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, मिळून एक लाख ३००. आमच्या नाटकाचं सगळं बजेट, बाहेरून आणलेल्या दोन स्त्री कलाकार धरून, याच्या आसपास. शिवाय खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : चित्रणाचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील. वकिलीत असलेल्या मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं १७ वं कलम बघ. पैसे देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली तर पहिला मालक पैसे देणारा, पण उलट करार नसेल तरच. ही ओळ म्हणजेच तो उलट करार. त्यानंतर मी प्रत्येक कोटेशन खालून वर वाचायला लागलो.

शेवटी माणूस मिळाला तो सावंतवाडीचा. आमच्या पेटीमास्तरांनीच नाव सुचवलं. हंगामभर दशावताराचं शूटिंग करत गावोगाव फिरणारा. ऑफिस नाही, कार्ड नाही. त्याचं काम बघायला मागितलं तर त्याने निवडक तुकडे न पाठवता एका रात्रीचं अख्खं तीन तासांचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी मधूनमधून उड्या मारत बघितलं. बोलणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा होता, आणि ऐकणारा चमकला की त्याच्यावर. बस्स, आणखी काय पाहिजे?

फोनवर पैशांची गोष्ट निघायच्या आधी त्याने विचारायला सुरुवात केली. ‘नाटक किती तासांचा? जनरेटर कोणाचो? लायटवालो कोण आसा, आणि तो निळो लायट मारता काय?’ शेवटच्या प्रश्नावर मी अडखळलो. आमचा लाइटवाला निळा सोडून दुसरं काही मारतच नाही. युद्ध असो की अंगाई, निळाच. तो हसला आणि म्हणाला, मग तालमीला येतो.

तालमीला आला हीच मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. देवळामागच्या सभागृहात कोपऱ्यात बसला, मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. कॅमेरा आणलाच नव्हता. कोण कुठल्या विंगेतून येतो, पद कुठे सुरू होतं, तलवार कुठे निघते, सगळं टिपून घेत होता. दुसऱ्या अंकात राजा पडतो तेव्हा राणी उजवीकडे पळते, हे त्याने विचारून पक्कं केलं, कारण दुसरा कॅमेरा त्याच बाजूला लावायचा होता. बाबा गेली वीस वर्षं हे नाटक बसवतात. मेकअपवाल्यापासून जेवणवाल्यापर्यंत सगळे त्यांना विचारतात, पण नाटकाबद्दल असं बाहेरच्या कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री ते त्याला घरी जेवायला घेऊन गेले आणि मला न विचारता २८,००० वर सौदा पक्का करून मोकळे झाले. माझा इरादा पंचवीसचा होता.

करार म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज, पण त्यात सगळं होतं. दोन कॅमेरे, पूर्ण नाटक न कापता, आवाज स्टेजच्या माइकांच्या मिक्सरवरून वेगळा, वरून कुठलंही संगीत नाही, कच्चं चित्रण आमचं. दहा हजार आगाऊ, दहा त्या रात्री, आठ फाइल हातात आल्यावर. मुदत पंचेचाळीस दिवस. हार्ड डिस्क आम्ही द्यायची. ती किती मोठी हा माझा प्रश्न. सेकंदाला १०० मेगाबिटने फोर के, म्हणजे जास्त बारकाव्याचं चित्रण, घेतलं की तासाला ४५ जीबी होतात. चार तास, दोन कॅमेरे, म्हणजे ३६० जीबी. एक टीबीची घेतली.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. देवस्थान समितीने गर्भकुडीकडे, म्हणजे गाभाऱ्याकडे, कॅमेरा वळवायचा नाही या अटीवर हो म्हटलं. पालखीवर ड्रोन फिरवायची पोरांची फार हौस होती, ती डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटच्या नकाशाने मोडली. जानेवारी २०२३ पासून जवळच्या मोपा विमानतळावर विमानं उतरतात आणि आमचं गाव ड्रोनबंदीच्या लाल भागात येतं. स्त्री कलाकारांपैकी एकीने स्पष्ट सांगितलं की नेटवर टाकण्याआधी मला दाखवायचं. रास्त होतं. गेल्या वर्षी कुणी तिला विचारलंही नव्हतं.

नाटकाची रात्र. पूर्वी आमची नाटकं पालखी झाल्यावर सुरू होऊन उजाडेपर्यंत चालायची. आता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि उत्सवांसाठी सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ती आम्हाला होती, म्हणून साडेसातला पडदा वर. आमचा कॅमेरेवाला मात्र चारलाच हजर. आल्या आल्या लाइटवाल्याशी जुंपणार अशी मला धास्ती होती. त्याने वाद घातलाच नाही. लाइटवाल्याला कॅमेऱ्यामागे उभं केलं, निळ्या उजेडात स्वतः स्टेजवर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘बघ, माझा नाक खंय आसा?’ नाक नव्हतंच. नुसता निळा डाग. लाइटवाला गप्प स्टेजपुढे गेला आणि दोन पिवळे दिवे लावून आला.

आवाजासाठी मिक्सरमधून एक वायर त्याच्या छोट्या रेकॉर्डरमध्ये. एक माइक त्याने प्रेक्षकांच्या बाजूला खांबालाही बांधायला काढला होता, पण तो मंडपवाल्याच्या माळेत अडकून तुटला. मग प्रेक्षकांच्या आवाजासाठी राहिला फक्त कॅमेऱ्यावरचा माइक. दोन कॅमेरे आणि रेकॉर्डर नंतर जुळवायचे कसे, असं मी विचारलं. सिनेमात पाटी आपटतात ना, तसं काही? तो म्हणाला, तुमच्याकडे तिसरी घंटा आहे की. घंटा झाली की तिन्ही ठिकाणी तो टोल नोंदला जाणार, त्यावर सगळं जुळवायचं. इतकी वर्षं आम्ही ती घंटा बडवतो, हा उपयोग कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

पहिले दोन अंक सुरळीत. राजा नीट मेला, राणी उजवीकडे पळाली, दुसरा कॅमेरा तयारच होता. तिसऱ्या अंकात मी सहज मागे गेलो तर हा घामाघूम. रेकॉर्डरची बॅटरी संपली होती आणि त्याच्या लक्षात यायला बारा मिनिटं गेली होती. त्याने लपवलं नाही, मला तिथेच सांगितलं. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं खूप होतं, पण समोर पद रंगात आलेलं. बाराला दहा कमी असताना बाहेर पोलिसांची जीप दिसली आणि आमच्या नटांनी शेवटचा प्रवेश एक्स्प्रेस गाडीसारखा पळवला.

पंचेचाळीस दिवसांचे सत्तर झाले. नावांच्या यादीने आणखी आठवडा खाल्ला. मी देवनागरीत टाइप करून दिली होती, तरी ‘गांवकर’वर टिंब आहे की नाही यावर एकाच घरातल्या दोन भावांचं एकमत होईना. शेवटी एकाला टिंब दिलं, दुसऱ्याला नाही.

घरी टीव्हीवर लावलं तेव्हा ओसरीवर पंचवीस माणसं. ती बारा मिनिटं आली तसा आवाज बदलला. तो कॅमेऱ्यावरच्या माइकचा होता. नट लांबून बोलतायत आणि जवळ कुणी बाई प्रत्येक वाक्य त्यांच्या आधीच, हळू आवाजात म्हणून टाकतेय. राजपुत्राचं, प्रधानाचं, सगळ्यांचं. मधेच कुणाला तरी पान आहे का म्हणूनही विचारते. दोन मिनिटांत सगळ्यांनी वळून आतेकडे बघितलं. ती नाटकाच्या रात्री कॅमेऱ्याला खेटूनच खुर्ची टाकून बसली होती.

मी सावंतवाडीला फोन केला. तो म्हणाला, माझी चूक आहे, तो आवाज बराचसा काढता येईल, पैसे नकोत. बाबा म्हणाले, अजिबात काढायचा नाही. समितीत दोन तट पडले.

आते म्हणाली, ‘काढ म्हणावं त्याला. प्रधानाच्या भाषणात माझा एक शब्द चुकलाय.’