सहाव्या वर्षाची नोंद: ‘पुन्हा कधी?’ हा रकाना

मागची नोंद फेब्रुवारीत लिहिली होती. त्यानंतर बोनससाठी बँक खातं एका बँकेतून दुसरीत नेण्याचे तीन स्विच केले. दोन बोनस आले, एक नाकारला गेला. सहा वर्षांचा हिशोब आता असा: आम्हा दोघांचे मिळून अकरा स्विच, नऊ बोनस, १,४७५ पौंड. नाकारलेल्या बोनसबद्दल आज सविस्तर लिहिते, कारण ती चूक नवरा-बायको मिळून हे करणाऱ्या कुणाकडूनही होऊ शकते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ब्रिटनमधलं करंट अकाउंट म्हणजे आपल्याकडचं पगाराचं साधं खातं, धंद्याचं नव्हे. ते एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्यायची सोय १६ सप्टेंबर २०१३ पासून आहे. पूर्ण नाव करंट अकाउंट स्विच सर्व्हिस, बोलताना सगळे कॅस म्हणतात. कामाच्या सात दिवसांत नवी बँक तुमचे डायरेक्ट डेबिट (कंपनी आपल्या खात्यातून स्वतः बिल वसूल करते ते), स्टँडिंग ऑर्डर (आपण ठरवून दिलेली नियमित रक्कम) आणि शिल्लक आपल्याकडे घेते आणि जुनं खातं बंद होतं. जुन्या नंबरवर कुणी पैसे पाठवले तर ते निदान तीन वर्षं आपोआप नव्या खात्यात येतात. आपल्याकडे यावं म्हणून बँका रोख बोनस देतात. मला १२५ पासून २०० पौंडांपर्यंत मिळालेत. अटी साधारण ठरलेल्या असतात: कॅसमधून फुल स्विच, बहुतेक वेळा दोन डायरेक्ट डेबिट, मुदतीत हजार-दीड हजार पौंड भरणं, कधी कार्डाने थोडी खरेदी. पार्शल स्विचमध्ये जुनं खातं चालू राहतं, पण त्यावर बोनस मिळत नाही.

पहिल्या दोन वर्षांत मी चार बँका भराभर केल्या. एका ठिकाणी डायरेक्ट डेबिट एकच निघालं म्हणून बोनस हुकला, बाकी सगळं सुरळीत. अवघड झालं ते नव्या बँका संपत आल्यावर. रस्त्यावर पाट्या वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या कितीतरी एकाच घरच्या. लॉइड्स, हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड एका कुटुंबातल्या. नॅटवेस्ट, आरबीएस आणि उत्तर आयर्लंडमधली अल्स्टर बँक दुसऱ्या. फर्स्ट डायरेक्ट एचएसबीसीची. मग तिसऱ्या वर्षापासून माझा सगळा वेळ एकाच प्रश्नात जायला लागला: इथून पुन्हा बोनस मिळेल का, आणि कधी?

त्यासाठीच ही वही. पुण्याहून येताना आणलेली, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रकाने पट्टीने आखलेत: बँक, कुटुंब, कुणाच्या नावावर, अर्ज केला, स्विच झाला, बोनस जमा, अटींची पीडीएफ ठेवली का, आणि शेवटचा ‘पुन्हा कधी?’. एक्सेलही आहे, पण अर्ज भरताना मला डोळ्यांसमोर वहीच लागते. सुरुवातीला तो शेवटचा रकाना नव्हता. चौथ्या वर्षी मागच्या सगळ्या ओळींना तो जोडला, आणि तेव्हा कळलं की निम्म्या ओळींमध्ये तिथे काय भरायचं हेच मला सांगता येत नाही, कारण त्या वेळच्या अटी मी जपून ठेवल्या नव्हत्या. आता अर्जाचं बटण दाबायच्या आधी अटींची पीडीएफ उतरवून घेते. ऑफर बंद झाली की ते पान जातं, आणि पुढे वाद झाला तर आपल्या हातात काहीच उरत नाही.

पुन्हा बोनस मिळण्याबद्दलच्या अटी मी आजवर चार तऱ्हेच्या पाहिल्या. काही बँका म्हणतात, आमच्याकडे तुमचं खातं कधीच नसलं पाहिजे. तिथे एकदा गेलात की दार कायमचं बंद, म्हणून अशी बँक मी सगळ्यात मोठ्या ऑफरची वाट पाहून वापरते. काहींना खात्याशी देणंघेणं नसतं. खातं असू दे, वीस वर्षांपूर्वीचं असू दे, आमच्याकडून स्विचचा बोनस आधी घेतलेला नको, इतकंच. तिसरी तऱ्हा सगळ्यात जास्त दिसते आणि आपल्या सगळ्यात उपयोगाची तीच: ‘अमुक तारखेनंतर आमच्या समूहातल्या कुठल्याही बँकेकडून बोनस घेतला नसेल तर पात्र’. चौथीत जोडीला दुसऱ्याच बँकेची अट येते. फर्स्ट डायरेक्टच्या ऑफरमध्ये तुम्ही त्यांच्याकडे नवे असावं लागतं, शिवाय अमुक तारखेनंतर एचएसबीसीत करंट अकाउंट उघडलेलं चालत नाही. म्हणून या दोन्हींचा विचार असेल तर दोघांच्याही अटी आधी वाचा, मगच क्रम ठरवा. नाहीतर एक ऑफर हातची जाऊ शकते.

तिसऱ्या तऱ्हेवर थोडं थांबते. ती तारीख ‘गेल्या दोन वर्षांत’ अशी सरकणारी असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा ती ठोकून बसवलेली असते. बँक नवी ऑफर काढताना कधी तीच ठेवते, कधी पुढे आणते. त्यामुळे आपण बोटं मोजून उपयोग नाही. प्रत्येक ऑफरची तारीख वहीतल्या ओळीशी ताडून पाहायची. आणि ताडायची ती बोनस जमा झाल्याची तारीख, स्विचची नव्हे. माझंच उदाहरण सांगते. एका बँकेत माझा स्विच २७ मार्चला पूर्ण झाला, बोनस ४ एप्रिलला जमा झाला. पुढे त्यांच्या नव्या ऑफरमध्ये तारीख होती १ एप्रिल. स्विचच्या हिशोबाने मी पात्र होते, बोनसच्या हिशोबाने नव्हते. तेवढ्या चार दिवसांसाठी मी थांबले, आणि थांबले ते बरं केलं. फुकट एक अर्ज गेला असता आणि क्रेडिट रिपोर्टवर एक हार्ड सर्च (बँकेने आपली पत तपासल्याची, इतर बँकांनाही दिसणारी नोंद) बसला असता.

आता एप्रिलमधली गोष्ट. बँकेचं नाव लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी तिथे जॉइंट खातं स्विच करून बोनस घेतला होता. तो एकच बोनस होता आणि खात्यावर पहिलं नाव माझं, म्हणून वहीत ‘कुणाच्या नावावर’च्या रकान्यात मी फक्त माझं नाव लिहिलं. नवऱ्याची ओळ कोरी. यंदा ऑफर आली तेव्हा कोरी ओळ पाहून त्याच्या एकट्याच्या नावाने अर्ज केला. त्याआधी त्याने ॲपमधल्या चॅटवर विचारूनही घेतलं, ‘मी पात्र आहे का?’ उत्तर आलं, हो. स्विच झाला, पैसे भरले, तीस दिवस गेले, पण बोनस काही येईना. फोन केला तेव्हा समजलं की जॉइंट खात्याचा बोनस दोघांनाही मिळाला असं धरलं जातं. जुनी पीडीएफ उघडली. तिसऱ्या पानावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

नवरा म्हणाला, “अगं, पण मी विचारलं होतं ना त्यांना!” नशिबाने त्याने चॅटचा स्क्रीनशॉट ठेवला होता. आम्ही तक्रार लिहिली: अट आम्हाला मान्य आहे, पण तुमच्या माणसाने चुकीचं सांगितलं म्हणून अर्ज केला. आठ आठवड्यांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जायचं, हेही पाहून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही. बँकेने चूक मान्य करून ७५ पौंड दिले. ते बोनसमध्ये धरलेले नाहीत, वरचा आकडा त्यांच्याशिवायचा आहे.

वहीत त्या दिवशी एकच बदल केला, पण फार मोलाचा. जॉइंट खात्याची प्रत्येक ओळ आता दोनदा लिहिली जाते, एकदा माझ्या पानावर, एकदा त्याच्या. आणि यापुढे बोनससाठी जॉइंट खातं वापरायचं नाही असं ठरवलंय. एका बोनसमागे दोघांची पात्रता खर्ची पडते, हे नुकसानीचं आहे. शिवाय एकट्याच्या नावावरचं खातं जॉइंटमध्ये स्विच करता येतं, जॉइंटचं एकट्याच्या नावावर करता येत नाही. एकदा जॉइंट केलं की पुढच्या स्विचसाठी ते तसं अडकूनच राहतं.

तीन स्विचपैकी उरलेले दोन माझे, दोन्ही डोनर खात्यातून. डोनर म्हणजे फक्त स्विच करून देऊन टाकण्यासाठी उघडलेलं दुसरं खातं. पगाराचं खातं मी कधीच देत नाही. जुनं खातं बंद झालं की त्याचं ॲपही बंद होतं, आणि मागची स्टेटमेंट लागली तर पत्रव्यवहार करत बसावं लागतं. आपल्यापैकी ज्यांची व्हिसाची किंवा आयएलआरची (इथे कायम राहण्याच्या परवान्याची) कागदपत्रं पुढे करायची आहेत त्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा. जोडीदाराच्या व्हिसासाठी सहा महिन्यांच्या पगारपावत्यांशी जुळणारी बँकेची स्टेटमेंट मागतात. ती अर्धी एका बंद खात्यात आणि अर्धी दुसऱ्यात असतील तर ऐन वेळी धावपळ होते. डोनरचीही स्टेटमेंट मी स्विचच्या आदल्या आठवड्यात उतरवून ठेवते.

डोनर खात्यावरच्या डायरेक्ट डेबिटमध्ये पाण्याचं बिल आणि एका धर्मादाय संस्थेला दरमहा दोन पौंड. ही दोन गेली दोन वर्षं घरोघर फिरतायत. कार्डावर चालणारी सबस्क्रिप्शन मात्र कॅस हलवत नाही. ओटीटी, जिम, मोबाईलचं काही कार्डावर असेल तर नव्या कार्डाचा नंबर आपणच द्यायचा. पहिल्या वर्षी माझं हे राहून गेलं होतं आणि मोबाईल दोन दिवस बंद पडला.

लीड्सला नोकरीसाठी आलेला माझा मावसभाऊ परवा फोनवर विचारत होता, “ताई, मी पण सुरू करू का? मला येऊन चारच महिने झालेत.” मी त्याला सांगितलं, अजून थांब. आधी एक साधं खातं स्थिर होऊ दे, पत्त्याचा पुरावा तयार होऊ दे, क्रेडिट रिपोर्टवर काहीतरी येऊ दे. प्रत्येक नव्या खात्यामागे हार्ड सर्च होतोच असं नाही, पण ओव्हरड्राफ्ट मागितला तर शक्यता वाढते, आणि नुकत्याच आलेल्या माणसाचा अर्ज नाकारला गेला तर तो अर्ज फुकट जातो. त्याने वहीचा फोटो मागवून घेतला. रकाने तेच ठेव, असं बजावलंय, पहिल्या दिवसापासून.

ज्यांना घराचं कर्ज घ्यायचंय किंवा पुन्हा बांधायचंय त्यांनी सहा महिने आधी हे सगळं थांबवावं. आमचं गेल्या वर्षी रिमॉर्गेज होतं. त्या काळात दोन चांगल्या ऑफर आल्या आणि गेल्या. हळहळ वाटली, पण कर्जाच्या व्याजातला थोडासा फरकही दोनशे पौंडांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

‘कुटुंब’ हा रकाना आता पेन्सिलीने लिहायला लागलेय. १ ऑक्टोबर २०२४ ला व्हर्जिन मनी नेशनवाइडच्या ताब्यात आली. १ जानेवारी २०२५ ला को-ऑपरेटिव्ह बँक कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटीकडे (सभासदांच्या मालकीची, बँकेसारखीच संस्था) गेली. टीएसबी २०१३ मध्ये लॉइड्समधून वेगळी झाली होती, मग स्पेनच्या साबाडेलकडे गेली, आणि जुलै २०२५ मध्ये सांतान्देरने ती विकत घ्यायचा करार जाहीर केला. मालक एक झाला म्हणून बोनसच्या अटी लगेच एक होत नाहीत. पाट्या वेगळ्या आहेत तोवर अटीही वेगळ्या राहू शकतात. पण एखाद्या ऑफरमध्ये ‘आमच्या समूहातल्या कुठल्याही बँकेकडून’ हे शब्द आले, की ज्या दोन ओळी आज वेगळ्या आहेत त्या एक होतील. म्हणून अशा जोड्यांपैकी ज्यांच्याकडून अजून काहीच घेतलेलं नाही त्या मी आधी संपवतेय. माझ्या पानावर अशी एक शिल्लक आहे, नवऱ्याच्या पानावर दोन.

फर्स्ट डायरेक्टचं खातं मात्र मी डोनर करणार नाही, असं मागेच लिहिलं होतं. तिथला रेग्युलर सेव्हर, म्हणजे दरमहा भरायचं बचत खातं, ७ टक्क्यांचा, महिना ३०० पौंडांपर्यंत, बारा महिने. पूर्ण भरला तर वर्षाला साधारण १३६ पौंड व्याज होतं. करंट अकाउंट दुसरीकडे दिलं तर सेव्हरही हातचा जातो. एका बोनसपायी ते घालवायचं का, याचं गणित प्रत्येकाने आपापलं करावं. माझं उत्तर नाही असं आहे, निदान सेव्हरची मुदत संपेपर्यंत.

सध्याची स्थिती: नवऱ्याच्या नावाने नवं डोनर खातं मंगळवारी उघडलं. कार्ड अजून यायचंय, पिनचं पत्र आज सकाळी दारात पडलं होतं. पाण्याच्या बिलाचं डायरेक्ट डेबिट त्या खात्यावर वळवायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात ते दिसायला लागेल. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे आहे, त्यामुळे कामाचे सात दिवस मोजताना तो दिवस वगळून स्विचची तारीख बुधवारची मागणार आहे. अटींची पीडीएफ उतरवून झाली. जॉइंट खात्याबद्दलचं कलम या वेळी दोघांनी मिळून वाचलं, आणि वहीत त्याच्या पानावर नवी ओळ आखून ठेवलीय.