केदारकंठाची तयारी, बूट अपडेट ३: मोजा एकच, नंबर मोठा

मागच्या वेळी नुसतं 'बूट आले' एवढंच टाकलं होतं, आता सात आठवडे घालून झालेत म्हणून जरा सविस्तर. ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी, गेल्या जानेवारीत केदारकंठाला (उत्तराखंडातलं बर्फाचं शिखर) पहाटे तीनला समिट पुश, म्हणजे माथ्याकडची शेवटची चढाई, सुरू केला आणि तासाभरात दोन्ही पायांची बोटं बधिर. वर १२,५०० फुटांवर सगळे झेंडा घेऊन फोटो काढतायत आणि मी दगडावर बसून बुटाच्या आत बोटं हलवायचा प्रयत्न करतोय, हलतायत का तेही कळत नव्हतं. ऊन आल्यावर मुंग्या अशा आल्या की डोळ्यात पाणी.

तेव्हा सगळा दोष बुटाला दिला, पातळ आहे म्हणून. सांक्रीला, म्हणजे ट्रेकच्या पायथ्याच्या गावात, उतरल्यावर आमच्या गाइडने बूट हातात घेतला, मोजे बघितले आणि म्हणाला, "दो-दो पहने थे? तभी तो." आठ नंबरच्या बुटात दोन जाड मोजे कोंबलेले आणि वरून लेस करकचून आवळलेली. पायाला ऊब येते रक्तातून, बुटाचं काम ती धरून ठेवायचं, आणि मी वरून रक्तच अडवून ठेवलं होतं. शिवाय लोकर गरम ठेवते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, ती दाबून चपाती केली की दोन मोजे घाला नाहीतर चार, काही फरक नाही.

तर यावेळी खरेदीला मुद्दाम संध्याकाळी गेलो, दिवसभर चालून पाय सुजलेले असतात आणि ट्रेकवर ते तसेच असणार. ट्रेकवर घालायचा तोच मोजा बरोबर नेला. आधी घरी कागदावर पाय आखून मापलं तर डावा २६.४ सेंमी आणि उजवा २६.८, म्हणजे इतकी वर्षं मी लहान पायाच्या मापाने बूट घेत होतो, कमाल आहे. दुकानात आतला इनसोल बाहेर काढून त्याच्यावर उभा राहिलो, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला पाहिजे. आठमध्ये जवळपास काहीच नाही, नऊमध्ये व्यवस्थित. एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, ऐकायला काहीच नाही पण बोटांना तेवढंच पुरतं.

आता मोठा नंबर घेतला की टाच उचलली जाणार, आणि तेच झालं. पहिल्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, अर्ध्या चढावरच उजवी टाच घासायला लागली, वर पोचेपर्यंत फोड तयार. पिठलं-भाकरी खाता खाता लेसचे प्रयोग केले. शेवटी जे जमलं ते असं, पंजावर लेस सैल सोडायची, घोट्याच्या वाकणावर साध्या गाठीऐवजी दोन-तीन पिळे द्यायचे म्हणजे खालचा सैलपणा आणि वरचा ताण एकमेकांत मिसळत नाही, आणि वरच्या हुकांना घट्ट. टाच मागे नीट बसते आणि बोटं मोकळी राहतात. पुढच्या आठवड्यात राजगड, गुंजवण्याकडून, उतरताना मुद्दाम पाय आपटत उतरलो, बोटं पुढे एकदाही लागली नाहीत. जुन्या बुटांनी त्याच उताराला माझं नख काळं केलं होतं.

फिटिंग झालं पण ऊब पुण्यात तपासणार कशी? तर बर्फवाल्याकडून लादी आणली. बाथरूममध्ये लादीवर गोणपाट, त्याच्यावर मी, डाव्या बुटात फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) इनसोल आणि उजव्यात कंपनीचा फोमचा, अर्धा तास. आई दोनदा दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही, हे जास्त लागलं. निकाल: पंधरा-वीस मिनिटांत उजवा तळवा गार, डावा शेवटपर्यंत ठीक. म्हणजे थंडी मुख्य खालून शिरते. प्रयोग काही फार शास्त्रीय नाही, पण मी फेल्टवर शिफ्ट झालोय. फेल्ट जाड असल्याने आत जागा थोडी कमी होते, तेव्हा इनसोल घालूनच परत फिटिंग बघा, नाहीतर फिरून तेच.

घामाचं अजून सुटलेलं नाही. वॉटरप्रूफ बुटात सह्याद्रीत मोजा पिळून काढावा लागतो. केदारकंठाला चढताना घाम आणि थांबलं की तोच गार, म्हणून समिटच्या रात्रीसाठी कोरडा मोजा वेगळा ठेवणार, तंबूत झोपताना बदलायचा. बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी, गेल्या वेळी बाहेर ठेवले तर सकाळी लाकडासारखे कडक. आणि शेकोटीजवळ वाळवू नका, सोलचा डिंक सुटतो.

आमच्यातल्या एकाने विचारलं होतं, माळ्यावरचे पाच-सहा वर्षांपूर्वीचे बूट चालतील का. आधी घालून दोन-तीन गड करून ये बाबा. आपल्याकडच्या दमट हवेत फोमचा मधला सोल नुसता ठेवूनसुद्धा भुसभुशीत होतो, वरून कळत नाही आणि बर्फात बुटाचा तळ सुटला तर काय करणार.

गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कव्हर) आणि मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली चढवायचे खिळे) सांक्रीतच भाड्याने घेणार, फक्त नऊ नंबरवर बसतात का ते तिथे पहिल्या संध्याकाळीच बघायचं. लेस बदलायच्या राहिल्यात, या गोल लेस सारख्या सुटतात.