वोलेमायच्या कडेला: वणव्याच्या हंगामापूर्वीची फेरी

सिडनीहून ब्लू माउंटन्स ओलांडून लिथगो गाठावे, तेथून कासलरे महामार्गाने कॅपर्टी मागे टाकावे आणि इलफर्डला उजवीकडे वळून कँडॉसमार्गे रायलस्टोनला पोहोचावे. हा प्रवास साधारण तीन-साडेतीन तासांचा आहे. आमची जागा त्याही पुढे, कच्च्या रस्त्याच्या टोकाशी, वोलेमाय राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीला लागून आहे. विजेची तार, नळ आणि मोबाइलची रेंज या तिन्ही गोष्टी बऱ्याच अलीकडे संपतात. सिडनीतून दुपारी लवकर निघावे, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. शेवटच्या टप्प्यात निलगिरीची एखादी फांदी आडवी पडलेली असतेच, म्हणून गाडीत करवत आणि दोर ठेवावा.

सप्टेंबरची ही फेरी आम्ही कधीच चुकवत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये वणव्याचा कायदेशीर हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३१ मार्चपर्यंत चालतो; काही भागांत तो आधीही जाहीर होतो. आपण तेथे असताना घर चालवणे फारसे अवघड नाही. शहरात राहणाऱ्याचे खरे काम असते ते आपल्या पाठीमागे घर सुरक्षित राहील, अशी तयारी करून निघण्याचे.

सुरुवात पाण्यापासून करावी. छपराच्या १०० चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी मिळते, पण पन्हळी पाल्याने भरलेल्या असतील तर ते बाहेर सांडते आणि उन्हाळ्यात तोच वाळलेला पाला उडत्या ठिणगीने पेट घेतो. या वेळी पन्हळीतला वरचा थर कोरडा होता, तर खाली काळी, कुजकी माती साचली होती आणि तिच्यात निलगिरीची रोपे रुजली होती. पावसाचे पहिले घाण पाणी वेगळे काढणाऱ्या नळीचे तळाचे झाकण उघडून तीही धुवावी, आणि टाकीच्या तोंडावरची डासांची जाळी फाटलेली नाही ना, हे हात लावून पाहावे. हातमोजे मात्र घालावेत, कारण झाकणांच्या कडांखाली रेडबॅक हा विषारी कोळी हमखास असतो.

घरासाठीचा नळ टाकीच्या तळापासून थोडा वर बसवावा, म्हणजे खालचा साठा आगीसाठी आपोआप राखला जातो. त्या साठ्याच्या नळाला ६५ मिलिमीटरची श्टोर्झ जोडणी असावी; रूरल फायर सर्व्हिसचे, म्हणजे ग्रामीण अग्निशमन सेवेचे, स्वयंसेवक आपण नसताना आले, तर त्यांची नळी तीवर लगेच बसते. बंब टाकीजवळ वळू शकेल एवढी मोकळी जागाही ठेवावी.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात, येथे ते उत्तरेकडे हवेत. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये आणि या भागात सप्टेंबरातही पहाटे दव गोठते, त्यामुळे बॅटरी घराच्या आत ठेवलेली बरी. जनरेटरमधले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की खराब होते आणि कार्बोरेटर तुंबतो. निघताना ते संपेपर्यंत यंत्र चालू द्यावे.

उरलेला सारा वेळ घराभोवतीच्या सफाईला द्यावा. भिंतीला टेकवलेले सरपण दूर हलवावे, गवत आखूड कापावे, लाकडी पायऱ्यांखालचा पाला हाताने ओढून काढावा. झाडे तोडण्यापूर्वी मात्र १०/५० नियम (घरापासून १० मीटरांतली झाडे आणि ५० मीटरांतली झुडपे परवानगीशिवाय काढण्याची मुभा) आपल्या जागेला लागू आहे की नाही, हे फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर तपासावे. हंगाम सुरू झाल्यावर उघड्यावर काही जाळायला परवाना लागतो. ही काळजी अतिरेकी वाटत असेल, तर एवढे ध्यानात घ्यावे की ऑक्टोबर २०१९ मध्ये याच वोलेमायच्या जंगलात वीज पडून पेटलेल्या गॉस्पर्स माउंटन वणव्याने ५ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जाळले. त्या जंगलाच्या कडेला घर ठेवायचे तर ही मेहनत आपल्यासाठीच नव्हे, शेजाऱ्यांसाठी आणि आग विझवायला येणाऱ्या स्वयंसेवकांसाठीही करायला हवी, असे मला मनापासून वाटते.

निघताना गॅस सिलिंडर आणि पंप बंद करावेत, फ्रिज रिकामा करून त्याचे दार उघडे ठेवावे, फाटकाची एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी. पुढे उन्हाळ्यात जाण्याचा बेत असेल, तर आदल्या संध्याकाळी आगीच्या धोक्याची श्रेणी पाहावी आणि ती ‘एक्स्ट्रीम’ किंवा ‘कॅटस्ट्रॉफिक’ (सर्वांत वरच्या दोन श्रेणी) असल्यास घराची कितीही चिंता वाटली तरी सिडनीतच थांबावे.