तुम्ही विचारलंत म्हणून: टीआरएस (तेलंगणा राष्ट्र समिती) तेलंगणात एवढी कशी वाढली, आणि इकडं का नाही?

सोलापुरात पूर्व भागात राहतो म्हटलं की हा प्रश्न येतोच, त्यात 2023 च्या जूनमध्ये आषाढीच्या तोंडावर या पक्षाचे प्रमुख आणि तेव्हाचे तेलंगणाचे मुख्यमंत्री केसीआर (के. चंद्रशेखर राव) गाड्यांचा भलामोठा ताफा घेऊन सोलापूर-पंढरपूरला आले तेव्हापासून तर जास्तच. माझं घर मराठी, पण शेजारपाजार सगळा पद्मशाली (तेलुगू विणकर समाज), त्यांचे पाहुणेरावळे तेलंगणातल्या सिरसिल्ला, करीमनगर, वरंगलचे, त्यामुळं तिकडचं राजकारण आमच्या कट्ट्यावर कायम असतं.

तर बघा, पक्ष 2001 चा असला तरी वेगळ्या राज्याची मागणी लई जुनी. 1956 ला तेलंगणा आंध्रला जोडला तेव्हा नोकऱ्या, शिक्षण, निधीची हमी देणारा करार झाला होता, तो पाळला नाही हा तिकडच्या लोकांचा राग. 1969 ला विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबारात पोरं गेली, 1971 च्या लोकसभेला तेलंगणा प्रजा समितीनं 14 पैकी 10 जागा जिंकल्या आणि पुढं तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. लोकांचा राग मात्र तसाच राहिला. केसीआर तेव्हाच्या आंध्र विधानसभेचे उपाध्यक्ष होते, तेलुगू देसम सोडून त्यांनी 27 एप्रिल 2001 ला टीआरएस काढली, घोषणा तीनच शब्दांची, नीळ्लु, निधुलु, नियामकालु. पाणी, निधी, नोकऱ्या.

आता लोकांना वाटतं की पक्ष सरळ वर चढत गेला, तसं अजिबात नाही. 2004 ला काँग्रेसबरोबर 26 आमदार आले आणि 2009 ला तेलुगू देसमबरोबर जाऊन फक्त 10, म्हणजे संपल्यातच जमा. मग नोव्हेंबरमध्ये केसीआर उपोषणाला बसले, उस्मानिया विद्यापीठातली पोरं उठली, 9 डिसेंबरला तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री चिदंबरम यांनी वेगळ्या राज्याची प्रक्रिया सुरू करतो म्हणून जाहीर केलं आणि दोन आठवड्यात केंद्र मागं सरकलं, तिथं लोक खरे पेटले. 2011 चा सकल जनुला (म्हणजे सगळ्या लोकांचा) संप 42 दिवस चालला, शिक्षक, सरकारी कर्मचारी, सिंगरेणीचे कोळसा कामगार, एसटीवाले, सगळे त्यात, पगार बुडवून. माझं स्पष्ट मत आहे की राज्य आणलं ते या माणसांनी, पक्षानं मधल्या पडत्या काळात मागणी मरू दिली नाही, आणि हे काम छोटं नाही. 2014 ला 119 पैकी 63, 2018 ला 88 जागा मिळाल्या त्या यामुळं (रयतु बंधू योजनेचे शेतकऱ्यांना एकरी पैसे 2018 ला सुरू झाले, त्याचाही वाटा आहेच).

मग 2022 ला नाव बदलून भारत राष्ट्र समिती केलं आणि किसान सरकारची घोषणा घेऊन ते इकडं आले. आमच्याकडं उत्सुकता खरंच होती, कारण बतुकम्मा सणाला सरकार बायकांना वाटायचं त्या साड्यांच्या ऑर्डरवर तेव्हा सिरसिल्लाचे माग चालायचे हे इथल्या यंत्रमागवाल्यांना पाहुण्यांकडून माहीत होतं आणि आपल्या टॉवेल-चादरीला अशी ऑर्डर कोण देणार, असं ते उघड विचारायचे. पण डिसेंबर 2023 ला तेलंगणातच 39 जागांवर आले, 2024 च्या लोकसभेला एकही जागा नाही, मग इथं कोण थांबणार.

आणि तसंही सोलापूरचं स्वतःचं मागणं घेऊन इथल्या मातीतून उभा राहिलेला तो पक्ष नव्हता. उजनी भरलेली असताना नळाला चार-चार दिवसांनी पाणी, शिकलेली पोरं पुण्याला, विडी कामगार बायांची मजुरी, हे सगळं घेऊन हरल्यावरसुद्धा दहा-पंधरा वर्षं चिकटून बसणारं कुणीतरी इथलंच लागेल, ते अजून कुणी केलेलं नाही.