तुम्ही विचारलंत म्हणून: रेस थांबल्यावर मी काय बघत बसते?

हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारला जातो. मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलच्या जागतिक शर्यती, कधीमधी बघणारे म्हणतात, "लाल झेंडा लागला, आता बराच वेळ काही होणार नाही. तरी टीव्ही बंद का करत नाहीस?" नेहमी बघणारे चिडून विचारतात, "एवढे कॅमेरे लावलेत, मग नेमका अपघातच परत का दाखवत नाहीत?" माझं उत्तर दोघांनाही एकच. ते परत दाखवतायत की नाही, तेच मी बघत असते.

आधी रेस का थांबते ते सांगते. कुणी पडलं की सहसा सावध करणारा पिवळा झेंडा हलतो, पडलेला उठून बाजूला होतो, मार्शल बाइक ओढून नेतात आणि रेस चालू राहते. पण रायडर ट्रॅकवरच पडून असेल, तेल सांडलं असेल किंवा हवा भरलेलं कुंपण फाटलं असेल, तर लाल झेंड्याला, म्हणजे रेस थांबवण्याला, पर्याय नसतो. फॉर्म्युला वनसारखं सेफ्टी कारमागे रांगेने फिरवत ठेवणं मोटोजीपीत करत नाहीत. (ब्रिटिश सुपरबाइकमध्ये करतात. मला ते बघवत नाही.) हळू चालवलं की टायर गार पडतात आणि गार टायर पुढच्याच वळणावर दगा देतात.

झेंडा लागला की पडद्याकडे नीट बघा. रायडर उठून चालत असेल तर रिप्ले लगेच येतो आणि येतच राहतो. ऑगस्ट 2020 मध्ये ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगवर लागोपाठ दोन रविवारी रेस थांबली. पहिल्या रविवारी मोर्बिडेली आणि झार्को एकमेकांना धडकले, आणि त्यांच्या सुटलेल्या बाइक रॉसी आणि विन्यालेस यांच्या मधून गेल्या. वाव किती, तर नशिबाइतका. दुसऱ्या रविवारी विन्यालेसचे ब्रेक गेले, त्याने ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगात बाइकवरून उडी टाकली आणि ती कुंपणात घुसून पेटली. दोन्ही वेळा माणसं वाचली, म्हणून दोन्ही अपघात आपण सगळ्या बाजूंनी, मनसोक्त पाहिले.

आणि कधी कॅमेरा अचानक लांब जातो. वरून दिसणारा ट्रॅक, प्रेक्षकांचे स्टँड, गराजमध्ये पडद्याकडे टक लावून उभे असलेले मेकॅनिक. कॉमेंटेटरची वाक्यं तोकडी होतात. त्यांनाही आपल्यापेक्षा फार काही दिसत नसतं. 23 ऑक्टोबर 2011 ला मलेशियात सेपांगमध्ये दुसऱ्याच फेरीत मार्को सिमोन्चेली पडला आणि लाल झेंडा लागला. रेस पुन्हा सुरू झालीच नाही, आणि तासाभरात तो गेल्याचं कळलं. चोवीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून मला रिप्लेपेक्षा रिप्ले नसण्याची जास्त धास्ती वाटते.

"मग निदान सांगावं तरी, काय झालंय ते," असं म्हणणारे असतात. 2022 मध्ये आइल ऑफ मॅन टीटी या बेटावरच्या रस्त्यांवर होणाऱ्या शर्यतीत, साइडकारच्या (एक चालवणारा, एक साथीदार) रेसमध्ये दोघांच्या जोडीला अपघात झाला. आयोजकांनी जो गेला म्हणून जाहीर केलं तो दवाखान्यात जिवंत होता, गेला होता त्याचा साथीदार. चूक सुधारायला काही दिवस लागले. दोन घरांवर काय गुदरलं असेल? पडद्यावरची ती अर्ध्या तासाची शांतता मी आनंदाने सोसते.

न थांबवलेली रेस मात्र मला सोसली नाही. 5 सप्टेंबर 2010, इटलीतलं मिसानो, मोटो2 (मोटोजीपीच्या खालचा वर्ग). एकोणीस वर्षांचा शोया तोमिझावा पडला, मागून येणाऱ्या दोघांच्या बाइक त्याला धडकल्या. त्याला उचलून नेलं आणि रेस शेवटपर्यंत पळवली. थांबवायची गरज नव्हती, असं नंतर सांगितलं गेलं. तो वाचला नाही. लाल झेंडा उगाच लावला अशी कुरकुर ऐकली की मला मिसानो आठवतं.

कुरकुरीत तथ्य नसतं असं नाही. विन्यालेसने उडी टाकली तेव्हा सतरावी फेरी चालू होती आणि जोआन मिर दोनेक सेकंदांनी पुढे होता. रेस थांबली की ती आघाडी शून्य. सोळाव्या फेरीच्या क्रमाने सगळे पुन्हा ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, उभे राहिले, आणि फक्त 12 फेऱ्या. जिंकला मिगेल ओलिवेरा, तोही शेवटच्या वळणावर, आणि मिर चौथा. (त्या वर्षीचं जगज्जेतेपद मिरलाच मिळालं, म्हणून हळहळ जरा कमी.) 2004 मध्ये इटलीत मुजेलोला पावसाने रेस थांबली तेव्हा तर उरलेल्या 6 फेऱ्यांवर निकाल लागला. पुढच्या वर्षीपासून पाऊस आला तर रेस न थांबवता पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गराजपाशी) बाइक बदलायची मुभा आली.

पावसातलं थांबणं मला आवडतं, कारण तिथे भीती नसते. 2018 मध्ये इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला ट्रॅकवरून पाणी हटेना. तासन्‌तास वाट बघून रेस रद्द केली, आणि मी तेवढे तास डबकी बघितली. 2022 मध्ये इंडोनेशियात मंडालिकाला धो धो पावसात पाऊस थांबवणारी एक बाई पिटलेनमध्ये विधी करत फिरत होती. कॅमेरा तिला सोडेना. पाऊस थांबला, रेस झाली. श्रेय कुणाचं, यात मी पडत नाही.

तर मी टीव्ही बंद करत नाही. पडलेला रायडर शुद्धीवर आहे, बोलतोय, असं कॉमेंटेटर सांगतो आणि पाठोपाठ रिप्ले सुरू होतो. तेव्हा मी पाणी प्यायला उठते. रिप्ले मी बघत नाही.